दोघी थोरल्या

नांगलोंग बाजार, बँकॉक
२० मार्च

चि. फोंगचान, माझी धाकटी जुळी बहीण, हिला थोरल्या सेंगदाचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. तुझ्याशी फोनवर बोलणार नाही अशी मी शपथ घेतली होती आणि ती अकरा महिने पाळली आहे. कागदावर लिहिणं म्हणजे बोलणं होतं का, असं मी आमच्या देवळातल्या भिक्खूंना विचारून घेतलं. ते नुसते हसले, म्हणजे हरकत नसावी.

कारण साधं आहे. नव्या वर्षाचा सोंग्क्रान तीन आठवड्यांवर आला आणि मला शिकेकाईच्या शेंगा हव्या आहेत. इथल्या बाजारात मिळतात त्यांना तो वास नाही. निखाऱ्यावर भाजून पाण्यात टाकल्या की आईच्या स्वयंपाकघरात उभं राहिल्यासारखं वाटायला हवं, तर यांना नुसता जळका वास येतो. आपल्या अंगणामागच्या झुडपाच्या वीसेक शेंगा पाठव. कुणाच्या हातावर पाणी घालणार आहेस, असं विचारू नकोस. बुद्धमूर्तीला स्नान घालायचं आहे आणि आईच्या फोटोपुढे वाटी ठेवायची आहे, एवढंच.

आता इकडची हकिकत. आठवडा झाला, तुझे ते लाल सदरेवाले फानफाच्या पुलावर ठाण मांडून बसले आहेत. सरकार जावं आणि निवडणूक व्हावी म्हणून सकाळपासून भोंगे चालू. माझ्या दारापासून पूल दहा मिनिटांवर, त्यामुळे भाषणं मला तोंडपाठ झाली आहेत. मला त्यांचं काय वाटतं ते तुला ठाऊक आहे. मी अजून दर सोमवारी, राजाच्या जन्मवारी, त्याचा पिवळाच ब्लाउज घालते. पण खोटं कशाला बोलू, धंदा दुप्पट झाला आहे. चिकट भातात केळं घालून केळीच्या पानात बांधायच्या माझ्या पुड्या पूर्वी सकाळी साठ खपायच्या. आता दीडशे बांधते आणि दहाच्या आत फडशा पडतो.

घ्यायला येतात ती सगळी आपल्याकडची माणसं. परवा एक बाई पुडी हातात धरून आपल्या बोलीत म्हणाली, "ही काय मुंगीच्या लग्नाला बांधली का गं?" चाळीस वर्षांत या गल्लीत मी आपली बोली ऐकली नव्हती. मी तिला दोन पुड्या वर दिल्या आणि आत जाऊन डोळे पुसले. ती लाल सदऱ्यातली होती, हे तुला सांगायला नको होतं.

तुझे गुडघे कसे आहेत? इंताभावोजी अजून रेडिओशी भांडतात का? माझे वरचे दोन दात गेले. त्याबद्दल जास्त विचारू नकोस.

तुझी थोरली,
सेंगदा


बान हुआयतोंग, लांपांग
२७ मार्च

चि. सेंगदा, उशिरा का होईना पण शुद्धीवर आलेली माझी धाकटी बहीण, हिला थोरल्या फोंगचानचे आशीर्वाद.

शेंगा पाठवते आहे. वीस मागितल्यास, पंचवीस घातल्या आहेत, नाहीतर म्हणशील फोंगचा हात आखडता.

दोन दात गेले हे वाचून मला हसू आलं. मग हसल्याचं वाईट वाटलं. मग पुन्हा हसू आलं. गेल्या सणाचा दुसरा दिवस आठवतो का तुला? त्या दिवशी तोंडातून वाईट शब्द काढला तर वर्षभर तोंड सडतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आणि नेमकी त्याच दिवशी तू फोनवर म्हणालीस, "तुमच्या गावची माणसं म्हणजे म्हशी. कुणीही दावं धरावं आणि ओढत न्यावं." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

मला मूर्ख म्हणालीस तर मी साठ वर्षं ऐकतेच आहे, त्याचं काही नाही. तू गावाला म्हशी म्हणालीस. बाबांनी जन्मभर त्याच गावचा चिखल तुडवला. तीन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तिच्या चितेची लाकडं त्याच म्हशींनी ओढून आणली, आणि तू बँकॉकहून पोचेपर्यंत तिच्याजवळ बसून राहिल्या त्याही म्हशीच. मला फार लागलं, सेंगदा. फोन आपटला तो त्यासाठी.

माफी हवी असेल तर रीत तुला ठाऊक आहे. नव्या वर्षाला धाकटीने शिकेकाईचं पाणी घेऊन थोरलीपुढे बसायचं, चूक स्वतःच्या तोंडाने सांगायची आणि थोरलीच्या हातांवर पाणी घालायचं. थोरलीने ओला हात तिच्या डोक्यावर ठेवला की विषय संपला. माफी पत्रातून मिळत नाही आणि थोरली कधी धाकटीची माफी मागत नाही.

आता तू म्हणशील, थोरली मीच. तू आधी बाहेर आलीस हे मान्य. म्हणूनच तू धाकटी. जुळ्यांत मागे राहतं ते थोरलं, ते धाकट्याला आधी वाट करून देतं, हे आपल्या गावात सगळे मानतात. मी तुला पोटात असल्यापासून वाट करून देते आहे. तू जन्माचा दाखला दाखवशील, पण तो लिहिणारा कारकून बाहेरगावचा होता, त्याला काय कळतं. आई होती तोवर हा प्रश्न आला नाही. ती दोघींना एकदम खाली बसवायची आणि स्वतःचेच हात पुढे करायची. आता ती नाही. मी तुझी वाट पाहीन, पण उठून तुझ्या दारात येणार नाही.

गुडघे ठीक आहेत. हे रेडिओशी भांडतात आणि हरतात.

तुझी थोरली (खरी),
फोंगचान


बान हुआयतोंग, लांपांग
५ एप्रिल

चि. सेंगदास आशीर्वाद.

शेंगा मिळाल्या की नाही, काही कळवलं नाहीस. म्हटलं आपणच विचारावं.

इकडे सगळं शांत आहे. दुपारी रातकिड्यांसारखे ते झाडावरचे किडे ओरडतात, फणस लगडले आहेत, मी घरीच असते. देवळात वाळू न्यायची तयारी चालू आहे. वर्षभर आपल्या पायांना चिकटून देवळाची वाळू बाहेर जाते, ती सणाला परत करायला हवी ना. गावात दुसरं काय असणार.

तिकडे पुलावर म्हणे दुपारी सिमेंट इतकं तापतं की चपलेतून चटके बसतात. असं ऐकते. आणि तू दुकानाची पाटी हिरव्या रंगात करून घेतलीस म्हणे. बरी दिसते, असं ऐकते. तुझ्या पुड्यांत हल्ली नारळाचं दूध कमी पडतं, असंही कुणीतरी सांगत होतं. आईच्या हाताची चव राख. तब्येतीला जप आणि संध्याकाळी उगाच बाहेर फिरू नकोस.

फोंगचान


नांगलोंग बाजार
७ एप्रिल

फोंगचान हिला,
लांपांगकरांचा तंबू, फानफा पूल

पत्ता बरोबर आहे ना? आमच्या नाक्यावरचे मोटरसायकलवाले प्रासितकाका हे पत्र हातोहात देतील.

तुझं पाच तारखेचं पत्र मला सहा तारखेला मिळालं. लांपांगच्या टपालाने साठ वर्षांत अशी चपळाई केली नव्हती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मी आपली टपालखात्याचं कौतुक करत बसले. मग आज सकाळी लाल रुमालवाली एक बाई दुकानात आली, माझ्या हातात तेलाची बाटली कोंबली आणि म्हणाली, "मावशी, गुडघ्याचं तेल तंबूत विसरलात. आणि हे काय, इथे पुड्या बांधायला कधीपासून लागलात?" मी बाटली उलटसुलट करून पाहिली. शेवटी तिनेच विचारलं की उन्हाने भोवळ आली का, फोंगमावशी.

मी लगेच तुझ्या घरी फोन लावला. शपथ तुझ्याशी न बोलण्याची आहे, भावोजींशी नाही. ते म्हणाले, फोंग देवळात गेली आहे वाळू घेऊन. मी विचारलं, कधी गेली? तर म्हणाले, तेवीस दिवस झाले. मग कबूल झाले की तू सत्तावीस मार्चचं पत्रही इथूनच लिहिलंस आणि माझं पत्र नि शेंगा त्यांच्याकडून बसने मागवून घेतल्यास.

म्हणजे तेवीस दिवस तू माझ्या दारापासून दहा मिनिटांवर सिमेंटवर झोपते आहेस. माझ्या दुकानासमोरून जातेस, पाटी बघतेस, कुणाकडून तरी पुडी आणवून खातेस आणि वर नारळाचं दूध कमी म्हणतेस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा.

घरी ये असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर तू मुद्दाम येणार नाहीस. आणीबाणी लागू झाली आहे, रस्त्यात सैनिक दिसू लागले आहेत, मला रात्री झोप लागत नाही. सोबत वीस पुड्या पाठवते आहे, नारळाचं दूध जास्त घालून. तेलाची बाटलीही परत पाठवते. लाव नीट.

सेंगदा


नांगलोंग बाजार
११ एप्रिल, सकाळ

फोंग,

काल दुपारी हेलिकॉप्टरमधून अश्रुधूर पडायला लागला तेव्हा मी दुकान तसंच टाकून पुलाकडे पळाले. या वयात आपण पळू शकतो हे मला माहीत नव्हतं. अंगात पिवळा ब्लाउज होता, शनिवार असूनही. धुतलेला तोच एक होता. वाटेत कुणीतरी माझ्या खांद्यावर लाल रुमाल टाकला आणि म्हणालं, "मावशी, तोंडावर धरा."

तुमचा तंबू मी विचारत विचारत शोधला. जी भेटली तिला विचारलं, फोंगचानला पाहिलंत का, माझी बहीण. सगळ्या म्हणायच्या, "अहो, तुम्हीच फोंगचान." मी म्हणायची, नाही हो, मी सेंगदा. त्या एकमेकींकडे बघायच्या. त्यांना वाटलं, धूर माझ्या डोक्यात गेला. चौघींनी मला धरून चटईवर आडवी केली, डोळ्यांवर ओला टॉवेल ठेवला, एक बाई माझे तळपाय चोळत बसली. मी रडत होते आणि त्या मला समजावत होत्या की फोंगमावशी, तुम्ही इथेच आहात, सुखरूप आहात. तुला कुणी शोधायलाच जाईना, कारण त्यांच्या मते तू सापडलेली होतीस.

पलीकडच्या रस्त्यावर माणसं मेली, फोंग. दोन्हीकडची. मी सगळ्यांचे चेहरे बघत घरी आले आणि प्रत्येक चेहरा तुझाच असेल या भीतीने दोनदोनदा वळून पाहत होते. तुझा फोन बंद आहे. तो लावताना मला शपथ आठवलीसुद्धा नाही.

प्रासितकाका हे पत्र घेऊन निघाले आहेत. जिवंत असशील तर उत्तर दे. लिहायला कागद नसेल तर तुझी चप्पल पाठव, मी ओळखीन.

सेंगदा


फानफा पूल
११ एप्रिल, दुपार

सेंगदा,

जिवंत आहे. एक ओरखडाही नाही. चप्पल हरवली, नाहीतर पाठवली असती. काल संध्याकाळी कुठे होते ते विचारू नकोस.

फोंग


नांगलोंग बाजार
१२ एप्रिल

ती. थोरल्या फोंगताईस धाकट्या सेंगदाचा नमस्कार.

हो, बरोबर वाचलंस. डोळे चोळू नकोस.

काल तुझं चार ओळींचं उत्तर आलं तेव्हा मी दुकानातच खाली बसले आणि गिऱ्हाइकांदेखत रडले. मग मनाशी म्हटलं, दाखला गेला चुलीत. तू मागे राहिलीस म्हणून थोरली असशील तर थोरली. मला तुझी माफी मागायची आहे, आणि ती धाकटं झाल्याशिवाय मागता येत नाही, तर मी धाकटी. त्या बायकांनी माझे पाय चोळले, फोंग, आणि मी त्यांना काय म्हणाले होते ते मला रात्रभर आठवत होतं.

उद्या सण. सकाळी आठ वाजता माझ्या दारात ये. शेंगा भाजून ठेवते, चमेलीची फुलं आणली आहेत. तू फक्त हात घेऊन ये.

सेंगदा


बान हुआयतोंग, लांपांग
१८ एप्रिल

ती. थोरल्या सेंगदाताईस धाकट्या फोंगचानचा शिरसाष्टांग नमस्कार.

आता तू डोळे चोळशील. चोळ, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

चौदा तारखेला आमच्या लोकांनी पूल सोडला तेव्हा मी घरची बस धरली. सुखरूप पोचले. यांनी सोळा तारखेला रीतीप्रमाणे फणसाची भाजी स्वतः केली, वर्षभर पाठबळ मिळावं म्हणून. इतकी खारट की पाठबळ मिळालं तर ते मिठाचंच. ते सगळं सोड. मला तेरा तारखेच्या सकाळबद्दल बोलायचं आहे.

किती छान सकाळ होती ती. गल्लीतली पोरं पांढरी माती गालांना फासून बादल्या घेऊन उभी, प्रासितकाका मोबाइल पिशवीत बांधून मुद्दाम सगळ्यांच्या मधून गाडी नेत होते. आमच्या बायकांनी पुलावरच्या एका फुटलेल्या गोणीतली वाळू ओच्यात भरून तुमच्या देवळात नेली होती, तिचे स्तूप रचून त्यावर कागदी झेंडे लावले होते. गेलेल्यांच्या नावानेही लावले होते. तू आईच्या फोटोखाली चटई घातलीस, माझ्यापुढे बसलीस आणि दातांच्या फटीतून तो शब्द म्हणालीस. "मी तुझ्या गावाला म्हशी म्हणाले, ताई, माझं चुकलं." माझ्या हातांवर पाणी पडलं तेव्हा तुला वाटलं असेल की मी पाण्यातल्या फुलांकडे बघते आहे. मला लाजेने तुझ्याकडे बघवत नव्हतं.

दहा तारखेला धूर पडला तेव्हा माझे पाय आपोआप तुझ्याच दाराकडे निघाले. उठून येणार नाही म्हणाले होते, पण आले. दुकान उघडंच होतं, आत कुणी नव्हतं. तू तेव्हा मला शोधायला गेली होतीस. शेजारच्या हुयताईने मला पाहिलं आणि सेंगदा समजून ओढून तिच्या कॉफीच्या दुकानात घेतलं. शटर खाली. आत गल्लीतली पाचसहा माणसं. मी लाल रुमाल ब्लाउजात कोंबला आणि गप्प बसले. तेवढ्यात एकाने विचारलं, "काय गं सेंगदा, या लाल लोकांनी शहराची वाट लावली की नाही?" सगळे माझ्याकडे बघत होते. बाहेर आवाज येत होते. मला भीती वाटली, कळलं तर बाहेर काढतील. आणि मी म्हणाले, "म्हशीच त्या. कुणीही दावं धरावं."

तुझेच शब्द, तुझ्याच आवाजात. ते हसले आणि मला कॉफी दिली. मी ती प्यायले. त्याच वेळी त्या म्हशी तुझ्या डोळ्यांवर ओला टॉवेल ठेवत होत्या.

तू रागाने म्हणालीस, मी भीतीने म्हणाले. तू लांबच्यांना म्हणालीस, मी ज्यांच्या शेजारी सव्वीस दिवस झोपले त्यांना म्हणाले. आणि वर थोरली होऊन तुझी माफी घेतली. तेरा तारखेला हुयताई दारात आली, तिने आपल्या दोघींना पहिल्यांदाच शेजारी शेजारी पाहिलं आणि ती म्हणाली, "अगं बाई, मग त्या दिवशी माझ्याकडे—" तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी अख्खं भांडं तिच्या तोंडावर रिकामं केलं. सणाला कुणी पाण्यावरून रागवत नाही म्हणून वाचले. तू हसून म्हणालीस की थोरल्या ताईला म्हातारपणी पोरपण सुचलं. मला रडू येत होतं.

माझी डावीकडची दाढ पंधरा तारखेपासून सुजली आहे.

आपल्याकडे हे पाणी घालणं एप्रिलअखेरपर्यंत चालतं. पण गुडघ्यांनी संप केला आहे, मला लवकर येता येणार नाही. म्हणून या कागदाचा खालचा कोपरा मी शिकेकाईच्या पाण्यात बुडवून काढला आहे. पत्रातून माफी मिळत नाही असं मीच लिहिलं होतं, ते मागे घेते. कोपऱ्यावर दोन्ही तळवे टेकव, ताई. जमलं तर माफ कर. पोटातून कोण केव्हा आलं ते पुढच्या वर्षी पुन्हा भांडू.

तुझी धाकटी,
फोंगचान


नांगलोंग बाजार
२४ एप्रिल

चि. फोंगचानला थोरल्या सेंगदाचे अनेक, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचेपर्यंत कोपरा वाळला होता. उरलेल्या शेंगांचं पाणी करून पुन्हा ओला केला आणि दोन्ही तळवे टेकवले. मग ओला हात तुझ्या डोक्यावर ठेवायचा होता, तर तू सहाशे किलोमीटरवर. शेवटी आरशासमोर उभी राहिले आणि माझ्याच डोक्यावर ठेवला. तोंड दोघींचं एकच आहे, तर डोकंही चालून जाईल.

हुयताईला मी सांगितलं की त्या दिवशी तिने लांपांगची एक म्हैस वाचवली. ती म्हणाली, दोघींना एकदम कॉफीला आण, म्हणजे फसगत होणार नाही.

माफ केलं. कधीच केलं होतं. दाढ काढून घे, थांबू नकोस. मी थांबले म्हणून दुसरा दात गेला.

परवा हे पत्र तुला मिळेल. त्या दिवशी सकाळी सहाला मी फोन करते, उचल. शपथ मी घेतली होती, आणि मोडायचा हक्क थोरलीला असतो.

सेंगदा